लाळेतले आयोडीन मोजताना: नमुन्यापासून आकड्यापर्यंत

मूत्रातील आयोडीन मोजण्याची पद्धत बसलेली असली की लाळेचे काम सोपे वाटते. नमुना बदलला, बाकी सगळे तेच. रसायन खरेच तेच आहे, पण लाळ चिकट असते, तिच्यात थायोसायनेट (मोजणीत अडथळा आणणारा आयन) भरपूर असते आणि ती किती वेगाने स्रवते त्यावर तिच्यातील आयोडाइडची (आयोडीनच्या विरघळलेल्या आयनरूपाची) संहती बदलते. चुकीच्या आकड्यांपैकी बहुतेक या तीन गोष्टींतून येतात. म्हणून पुढे यंत्रापेक्षा नमुना आणि पाचन (नमुना ऑक्सिडीकारकासोबत तापवून त्यातील अडथळा आणणारे पदार्थ नष्ट करणे) यांवर जास्त भर दिला आहे.

लालाग्रंथी थायरॉइडप्रमाणेच सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर या प्रथिनाच्या मदतीने रक्तातील आयोडाइड ओढून घेतात. त्यामुळे लाळेतील आयोडाइड रक्ताच्या प्लाझ्मातील आयोडाइडच्या कित्येक पट असते आणि ते मोजायला फार नाजूक यंत्रणा लागत नाही. आकडे साधारणपणे काही दहा ते काही शेकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटर येतात. एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा: १२७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे १ मायक्रोमोल प्रति लिटर. अडथळा आणणाऱ्या पदार्थांशी तुलना करताना हाच उपयोगी पडतो.

कोणती पद्धत निवडावी

स्पेक्ट्रोफोटोमीटर किंवा मायक्रोप्लेट रीडर असेल तर सँडेल-कोल्थॉफ अभिक्रिया, म्हणजेच सीरियम-आर्सेनिक पद्धत. आयसीपी-एमएस (अतितप्त आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून त्यांना वस्तुमानानुसार मोजणारी पद्धत) हाताशी असेल तर तीच वापरा. ती जलद आहे आणि थायोसायनेटची कटकट तिथे नाही. आयोडाइड इलेक्ट्रोड स्वस्त आहे, पण लाळेत त्याच्यावर एकट्याने विसंबू नये. कारण पुढे आकड्यांसह दिले आहे. आयन क्रोमॅटोग्राफीत आयोडाइड २२६ नॅनोमीटरवर अतिनील किरणांनी दिसते. मात्र लाळेत थायोसायनेटचे शिखर प्रचंड असते. ते आयोडाइडच्या शिखरापासून नीट सुटते की नाही हे आधी तपासा, मगच नमुने लावा.

नमुना घेणे

सर्वांत भरवशाचा नमुना म्हणजे तोंडात आपोआप जमलेली लाळ मान खाली करून पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत सोडणे. खाणे, दात घासणे आणि धूम्रपान यांनंतर किमान एक तास गेलेला असावा. साध्या पाण्याने चूळ भरा, पाच मिनिटे थांबा, पहिली लाळ गिळून टाका आणि मग गोळा करायला सुरुवात करा. २ ते ३ मिलि पुरते: दुहेरी चाचणी, एक पुनरावृत्ती आणि रिकव्हरी (मुद्दाम घातलेले आयोडीन किती परत सापडते याची चाचणी) एवढे त्यात बसते.

कापसाच्या बोळ्याचे संच सोयीचे असतात, पण कापसातून आयोडीन येऊही शकते आणि त्यात लाळ अडकूनही राहू शकते. संच वापरायचाच असेल तर प्रत्येक लॉटमधील काही बोळे शुद्ध पाण्यात भिजवून, पिळून, त्या पाण्याचा ब्लँक (नमुना नसतानाचे वाचन) काढा. त्यासोबत माहीत असलेल्या संहतीचे प्रमाणित द्रावण त्याच बोळ्यातून पिळून किती परत मिळते तेही पाहा.

लाळ वाढवण्यासाठी जिभेवर सायट्रिक आम्ल ठेवण्याची पद्धत इथे टाळलेली बरी. एक तर स्रावाचा वेग वाढला की ग्रंथीला आयोडाइड ओढायला मिळणारा वेळ बदलतो आणि त्याबरोबर संहतीही बदलते. दुसरे म्हणजे सायट्रिक आम्ल हा जादा सेंद्रिय भार पाचनावर येतो. उत्तेजित लाळच हवी असेल तर चव नसलेले पॅराफिन मेण चघळायला द्या. उत्तेजित आणि अनुत्तेजित नमुने एका मालिकेत कधीही मिसळू नका.

गोळा करण्याचा वेळ घड्याळ लावून नोंदवा आणि नळी आधी व नंतर वजन करा. १ ग्रॅम लाळ म्हणजे जवळजवळ १ मिलि. त्यातून मिलि प्रति मिनिट असा स्रावाचा वेग निघतो. हे दोन मिनिटांचे काम वगळले तर पुढे दोन व्यक्तींमधला फरक आयोडीनचा आहे की फक्त लाळेच्या वेगाचा, हे सांगता येत नाही.

नमुना देणाऱ्याला विचारायचे प्रश्न थोडेच, पण टाळू नयेत असे: पोव्हिडोन-आयोडीनची गुळणी केली का, आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन झाले का, अमिओडॅरोन (आयोडीन असलेले हृदयाचे औषध) चालू आहे का, समुद्री शैवालाच्या गोळ्या घेतो का, धूम्रपान करतो का. पहिल्या चारपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल तर नमुना वेगळा ठेवा. किरणोत्सारी आयोडीन नुकतेच दिलेल्या रुग्णाची लाळ साध्या प्रयोगशाळेत आणूच नका. ती किरणोत्सारी असते. हिरड्यांतून रक्त आलेला गुलाबी नमुना बाद करा.

साठवण आणि तयारी

नमुना घेतल्यावर लगेच थंड ठेवा. काही दिवसांत चाचणी होणार असेल तर ४ अंश सेल्सिअस, नाहीतर उणे २० अंश. टिकवण्यासाठी आम्ल घालू नका. आम्ल आणि ऑक्सिडीकारक एकत्र आले की आयोडाइडचे मुक्त आयोडीन होते आणि ते उडून जाते, प्लास्टिकमध्येही शिरते. सोडियम अॅझाइडही नको. पुढच्या आम्लयुक्त पायरीत त्यातून विषारी हायड्रॅझोइक आम्ल सुटते.

गोठवण्याचा एक फायदा आहे. वितळल्यावर म्युसिनची (लाळ चिकट करणाऱ्या प्रथिनाची) जाळी मोडते आणि लाळ पिपेटने ओढण्याजोगी होते. नमुना पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्सवर नीट हलवा, ३००० जी वर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे स्वच्छ द्रव घ्या. लाळेतील आयोडीन बहुतांश विरघळलेल्या आयोडाइडच्या रूपात असल्याने तळाच्या गाळाबरोबर फारसे जाऊ नये. तरी पद्धत बसवताना एकदा आठ-दहा नमुन्यांवर ढवळलेली लाळ आणि वरचे द्रव दोन्ही मोजून खात्री करा. फरक दिसला तर एकच प्रकार निवडा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा.

पिपेट करताना टोकाशी तार ओढली जात असेल तर घनफळ चुकलेच समजा. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट वापरा. साध्या पिपेटवर उलट पिपेटिंगची पद्धत, म्हणजे दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचे आणि पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचे, चिकट द्रवाला बरी पडते.

सीरियम-आर्सेनिक पद्धतीमागचे रसायन

चतुःसंयुजी सीरियम पिवळे असते, त्रिसंयुजी रंगहीन. आम्लात आर्सेनियस आम्ल सीरियमचे क्षपण करते, पण फार सावकाश. आयोडाइड असेल तर ते उत्प्रेरकाचे काम करते: सीरियम आयोडाइडचे आयोडीन करते, आर्सेनिक त्या आयोडीनचे पुन्हा आयोडाइड करते आणि चक्र चालू राहते. त्यामुळे पिवळा रंग जितक्या वेगाने जाईल तितके आयोडीन जास्त. ठरावीक वेळेला ४२० नॅनोमीटरवर उरलेला रंग वाचायचा, मायक्रोप्लेटवर ४०५.

आर्सेनिक खूप जास्त प्रमाणात असल्यामुळे सीरियमचा ऱ्हास घातांकी होतो. म्हणून आलेख काढताना अॅब्सॉर्बन्सचा (द्रावण किती प्रकाश शोषते त्या मापाचा) लॉगरिथम संहतीसमोर मांडा; सरळ रेषा मिळते. अॅब्सॉर्बन्स थेट मांडला तर वक्र मिळतो आणि वरच्या टोकाला चुका वाढतात.

थायोसायनेट इथे का छळते ते हिशेबानेच पाहू. खालील कृतीत प्रत्येक नळीत सुमारे २३ मायक्रोमोल सीरियम असते. लाळेत थायोसायनेट साधारण १ मिलिमोल प्रति लिटर धरले तर ०.२५ मिलि लाळेत ०.२५ मायक्रोमोल येते. एका थायोसायनेटचे पूर्ण ऑक्सिडीकरण सहा सीरियम खाऊ शकते, म्हणजे १.५ मायक्रोमोल, एकूण रंगाच्या सहा-सात टक्के. पाचन झालेच नाही असे धरले, तर पुढच्या उदाहरणातील आलेखावर एवढी घट सुमारे २० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आयोडीनसारखी दिसते. धूम्रपान करणाऱ्यात थायोसायनेट तिप्पट असेल तर ही खोटी भर साठीच्या पुढे जाते. ही सर्वांत वाईट शक्यता आहे, पण लाळेत पाचनाची पायरी का गाळायची नाही हे तिच्यातून स्पष्ट होते. ‘लाळेतले आयोडीन आयोडाइडच असते, मग पाचन कशाला’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो.

द्रावणे

पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचे. काच आणि प्लास्टिक दोन्ही या कामासाठी वेगळे ठेवा.

अमोनियम परसल्फेट, १ मोलर: ११४.१ ग्रॅम घेऊन ५०० मिलिपर्यंत पाणी. भुकटी ओल शोषून निकामी होते, म्हणून बाटली घट्ट बंद ठेवा. गोळे झालेली भुकटी वापरू नका.

सल्फ्युरिक आम्ल, ५ नॉर्मल: सुमारे ७०० मिलि पाण्यात १३९ मिलि संहत आम्ल अगदी सावकाश घाला, थंड झाल्यावर १ लिटर करा. ३.५ नॉर्मलसाठी ८०० मिलि पाण्यात ९७ मिलि आम्ल. नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही.

आर्सेनियस आम्ल: २ लिटरच्या शंकुपात्रात २० ग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि ५० ग्रॅम सोडियम क्लोराइड घ्या, ४०० मिलि ५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल हळूहळू घाला, पाण्याने साधारण १ लिटर करा, मंद उष्णतेवर विरघळवा, थंड करा, २ लिटर करा, गाळा, गडद बाटलीत ठेवा. महिनोन्‌महिने टिकते. यातले मीठ विश्लेषणाच्या दर्जाचे असावे, आयोडीनयुक्त नव्हे. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. मिठाचे काम अभिक्रियेच्या वेगावर होणारा क्लोराइडचा परिणाम सगळ्या नळ्यांत सारखा करणे. लाळेतून येणाऱ्या क्लोराइडपेक्षा इथले क्लोराइड सुमारे दोनशे पट असते, त्यामुळे नमुन्यानमुन्यातला फरक बुडून जातो.

सेरिक अमोनियम सल्फेट: ४८ ग्रॅम, १ लिटर ३.५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात. सावकाश विरघळते, रात्रभर ढवळत ठेवा. अंधारात साठवा.

प्रमाणित द्रावण: १०५ ते ११० अंशांवर वाळवलेले पोटॅशियम आयोडेट १६८.६ मिग्रॅ, १०० मिलि पाण्यात. यात १ मिलिला १ मिग्रॅ आयोडीन येते. यातले १ मिलि १०० मिलिपर्यंत नेले की १० मिग्रॅ प्रति लिटर. त्याचे ०.२, ०.५, १, १.५, २ आणि ३ मिलि प्रत्येकी १०० मिलि केले की २०, ५०, १००, १५०, २०० आणि ३०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची मालिका तयार होते. शून्यासाठी पाणी. आयोडेट वापरायचे कारण ते आयोडाइडपेक्षा टिकाऊ असते. पाचनानंतर आर्सेनिक दोघांनाही एकाच रूपात आणते.

आर्सेनिक ट्रायऑक्साइड जहाल विष आहे आणि कर्करोगकारकही. वजन फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, आणि भुकटी उडणार नाही अशा रीतीने करा. तोंडाने पिपेट ओढणे तर सोडाच, त्या टेबलावर पाण्याची बाटलीही नको.

प्रत्यक्ष कृती

१. १३ × १०० मिमीच्या नळ्यांत ०.२५ मिलि नमुना, प्रमाणित द्रावण किंवा पाणी घ्या. सगळे दुहेरी. प्रमाणित द्रावणांनाही नमुन्यासारखेच पाचनातून न्या.

२. प्रत्येकात १ मिलि अमोनियम परसल्फेट घाला, हलवा.

३. फ्यूम हूडमध्ये ९१ ते ९५ अंशांवर हीटिंग ब्लॉकमध्ये ६० मिनिटे ठेवा. नळ्यांच्या तोंडावर काचेच्या गोट्या ठेवल्या तर बाष्पीभवन कमी आणि सारखे होते.

४. खोलीच्या तापमानाला आणा. २.५ मिलि आर्सेनियस आम्ल घाला, हलवा, १५ मिनिटे थांबा.

५. ०.३ मिलि सेरिक द्रावण बरोबर २० सेकंदांच्या अंतराने एकेका नळीत घाला आणि लगेच हलवा.

६. पहिल्या नळीत सेरिक घातल्यापासून बरोबर ३० मिनिटांनी तिचे वाचन ४२० नॅनोमीटरवर घ्या, पुढच्या नळ्या त्याच २० सेकंदांच्या अंतराने, त्याच क्रमाने वाचा.

२० सेकंदांच्या अंतराने ३० मिनिटांत ९० नळ्या बसतात, पण ६० वरच थांबा. एखादी नळी सांडली किंवा क्यूव्हेट पुसावी लागली तर सावरायला जागा राहते.

चौथ्या पायरीतली १५ मिनिटे घाईत कापली जातात, आणि मग अडचण येते. पाचनात परसल्फेट आयोडाइडचे आयोडेट करते. आर्सेनिक त्याचे पुन्हा आयोडाइड करते आणि उरलेले परसल्फेटही संपवते, पण याला वेळ लागतो. हा वेळ दिला नाही तर उत्प्रेरक पुरता तयार नसतो आणि आकडे कमी येतात, शिवाय नळीगणिक वेगळे.

मायक्रोप्लेटवर तेच काम लहान प्रमाणात होते: ५० मायक्रोलिटर नमुना, १.३१ मोलर परसल्फेट १०० मायक्रोलिटर, झाकण घट्ट दाबून बसणाऱ्या खास कॅसेटमध्ये ११० अंशांवर ६० मिनिटे. मग त्यातले ५० मायक्रोलिटर दुसऱ्या प्लेटमध्ये घेऊन १०० मायक्रोलिटर आर्सेनियस आम्ल आणि ५० मायक्रोलिटर सेरिक, २५ अंशांवर ३० मिनिटे, वाचन ४०५ वर. इथे झाकण गळके असेल तर प्लेटच्या एका खळग्यातले आयोडीन शेजारच्या खळग्यात जाते. ३०० च्या प्रमाणित द्रावणाशेजारी मुद्दाम ब्लँक ठेवून हे पकडता येते.

आकडा काढणे

समजा शून्याचा अॅब्सॉर्बन्स १.४०० आला, ५० चा १.१८०, १०० चा ०.९९५, २०० चा ०.७०७ आणि ३०० चा ०.५०२. नैसर्गिक लॉग घेतले तर उतार प्रति मायक्रोग्रॅम प्रति लिटर ०.००३४२ येतो. नमुन्याचा अॅब्सॉर्बन्स ०.८५० असेल तर १.४०० भागिले ०.८५० चा लॉग ०.४९९, त्याला उताराने भागले की १४६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. हे आकडे समजावण्यासाठी आहेत. तुमच्या सेरिक द्रावणाच्या ताजेपणावर आणि तापमानावर प्रत्यक्ष उतार ठरेल, म्हणून प्रत्येक बॅचला स्वतःचा आलेख हवाच.

याच सूत्रातून घड्याळाची किंमत कळते. ३० ऐवजी ३१ मिनिटांनी वाचलेली नळी साधारण ३ टक्के जास्त आयोडीन दाखवेल. तापमानही एका अंशाला काही टक्क्यांचा फरक पाडते, म्हणून सेरिक घातल्यानंतर नळ्या पंख्याखाली किंवा खिडकीशी ठेवू नका. स्थिर वॉटर बाथ सर्वांत बरा.

३०० च्या वर गेलेला नमुना आलेख ताणून वाचू नका. पाण्याने निम्मा करून पाचनापासून पुन्हा करा. पाचन झालेल्या नळीत पाणी घालून पातळ केल्यास आम्ल आणि क्लोराइड दोन्ही बदलतात आणि उत्तर जुळत नाही.

काय बिघडते आणि का

ब्लँकचा अॅब्सॉर्बन्स नेहमीपेक्षा खाली आला तर कुठूनतरी आयोडीन किंवा क्षपणकारक शिरले आहे. आधी आर्सेनियस आम्लातील मीठ, मग पाणी, मग परसल्फेटचा नवा डबा असा क्रम लावून एकेक बदलून पाहा. त्या खोलीत पोव्हिडोन-आयोडीनने टेबल पुसले जात असेल, किंवा शेजारी आयोडीनचे अनुमापन चालत असेल, तर द्रावणे बदलून काही होणार नाही. जागाच बदलावी लागेल. आयोडीन हवेतून येते आणि उघड्या नळ्यांत बसते.

ब्लँक ठीक, प्रमाणित द्रावणे ठीक, फक्त लाळेचे आकडे अवाजवी जास्त: पाचन अपुरे. ब्लॉकच्या कोपऱ्यातील खाचा बऱ्याचदा मधल्यांपेक्षा थंड असतात. पाण्याच्या नळीत थर्मामीटर बुडवून प्रत्येक कोपरा तपासा, ब्लॉकच्या पडद्यावरचा आकडा पुरेसा नाही. तपासायची झटपट युक्ती अशी की तोच नमुना ०.२५ मिलि आणि पाण्याने निम्मा करून ०.२५ मिलि असा दोन्ही प्रकारे चालवा. निम्म्याला दुप्पट केल्यावर उत्तर पहिल्याइतके आले नाही तर मॅट्रिक्सचा, म्हणजे लाळेतील बाकीच्या पदार्थांचा, अडथळा आहे.

दुहेरी नळ्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर लाळेत बहुधा चिकटपणाच कारण. नळी कोरडी पडेपर्यंत तापली असेल तर आयोडीन उडते आणि आकडा कमी येतो. अशी नळी वाचूच नका. पारा आणि चांदी आयोडाइडला धरून ठेवतात आणि उत्प्रेरण मंदावतात, म्हणून पारा फुटलेला थर्मामीटर किंवा चांदीच्या क्षारांचे काम याच टेबलावर नको.

रिकव्हरी आणि नियंत्रण

९९० मायक्रोलिटर लाळेत १० मिग्रॅ प्रति लिटरचे १० मायक्रोलिटर मिसळा. १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची भर पडली. मूळ नमुना ८० असेल तर पातळ झाल्यावर त्याचा वाटा ७९.२. मिश्रणाचे वाचन १७२ आले तर रिकव्हरी १७२ वजा ७९.२, म्हणजे ९२.८ टक्के. ९० ते ११० मध्ये आल्यास चालेल. लक्षात घ्या की रिकव्हरी चांगली असूनही थायोसायनेटची खोटी भर लपून राहू शकते, कारण ती दोन्ही वाचनांत सारखीच मिसळते. ती निम्मे करण्याच्या चाचणीतही दडू शकते, कारण तीही प्रमाणातच निम्मी होते. म्हणून एकदा तरी पाण्यात १ आणि ३ मिलिमोलर पोटॅशियम थायोसायनेट घेऊन पूर्ण कृती करा. पाचन बरोबर असेल तर दोन्हींचे वाचन ब्लँकइतकेच यायला हवे. लाळेसाठी ही एक चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

रोजच्या नियंत्रणासाठी अनेक व्यक्तींची लाळ एकत्र करून, सेंट्रिफ्यूज करून, छोट्या-छोट्या भागांत विभागून गोठवा. एक कमी, एक मध्यम, एक आयोडाइड घालून उंच केलेली. बाहेरच्या प्रमाणासाठी मूत्राचे संदर्भ द्रव्य वापरता येते, जसे अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेचे एसआरएम ३६६८, ज्यात मूत्रातील आयोडाइड प्रमाणित केलेले आहे. त्याचा आकडा बरोबर आला म्हणजे आलेख बरोबर; लाळेचे मॅट्रिक्स बरोबर आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. शोधमर्यादेसाठी किमान दहा ब्लँक पूर्ण कृतीतून न्या आणि सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतर घ्या.

आयसीपी-एमएस

इथला पहिला नियम: नायट्रिक आम्लाचा मोह टाळा. आम्लात आयोडाइडचे उडणारे आयोडीन होते, ते नळ्यांना आणि स्प्रे चेंबरला चिकटते आणि पुढच्या दहा नमुन्यांत झिरपत राहते. लाळेतील प्रथिनेही आम्लात साकळतात. त्याऐवजी ०.५ टक्के टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड आणि ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० यांच्या द्रावणात लाळ वीस पट पातळ करा. अल्कलीत म्युसिन सैल होते, त्यामुळे पिपेटिंगही सुधारते. टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइडचे २५ टक्के संहत द्रावण त्वचेतून शोषले जाऊन जीवघेणे ठरू शकते, तेव्हा हातमोजे आणि गॉगल सक्तीचे.

आयोडीनचा एकच स्थिर समस्थानिक, १२७. अंतर्गत प्रमाण (प्रत्येक नळीत सारखेच घालायचे तुलनेचे मूलद्रव्य) म्हणून टेल्युरियम चांगले, कारण आयोडीनसारखेच तेही यंत्राच्या प्लाझ्मात अर्धवटच आयनित होते; रोडियम किंवा इंडियम एकटे वापरले तर कार्बनमुळे होणारी आयोडीनच्या संकेताची वाढ नीट भरून निघत नाही. त्याच कारणाने प्रमाणित द्रावणेही त्याच अल्कली मिश्रणात करा. आधी आम्ल चाललेल्या यंत्रात सुरुवातीला अर्धा तास अल्कलीचे द्रावण फिरवा. प्रत्येक मोठ्या नमुन्यानंतर ब्लँक घ्या. तो मूळ पातळीवर येईपर्यंत धुलाई वाढवा.

इलेक्ट्रोड

सिल्व्हर सल्फाइड-सिल्व्हर आयोडाइड पटलाचा इलेक्ट्रोड २५ अंशांवर दर दशपटीला सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो आणि सुमारे ६ मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत उतरतो. १ मिलि नमुन्याला ५ मोलर सोडियम नायट्रेट २० मायक्रोलिटर घालून आयनिक सामर्थ्य सारखे करतात.

अडथळ्याचा अंदाज चांदीच्या क्षारांच्या विद्राव्यता गुणाकारांवरून येतो. २० मिलिमोलर क्लोराइडची भर जेमतेम १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पण १ मिलिमोलर थायोसायनेटची भर ११ च्या आसपास. १५० च्या नमुन्यात ती सहन होईल, ५० च्या नमुन्यात ती वीस टक्के चूक आहे. त्यात लाळेतील सल्फाइड पटल काळवंडवते आणि प्रथिने त्यावर थर धरतात. दर काही नमुन्यांनी पटल घासून प्रमाणित द्रावणात परत तपासा. चाळणीपुरता हा इलेक्ट्रोड ठीक, निर्णायक आकड्यासाठी नाही.

निकाल लिहिताना

मायक्रोग्रॅम प्रति लिटरसोबत स्रावाचा वेग, उत्तेजित की अनुत्तेजित, दिवसाची वेळ आणि पद्धत लिहा. संहतीला वेगाने गुणले की मायक्रोग्रॅम प्रति मिनिट असे स्रवणही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेचे मूत्रासाठीचे निकष, जसे शाळकरी मुलांच्या गटासाठी १०० ते १९९ चा मध्यक, लाळेला लावू नका. ते मूत्राचे आहेत आणि तिथेही गटासाठी आहेत, एका व्यक्तीसाठी नाहीत. आयोडीन खाल्ल्यानंतर काही तासांत लाळेचा आकडा हलतो. एकाच व्यक्तीबद्दल काही म्हणायचे असेल तर वेगवेगळ्या दिवशी, पण दिवसाच्या ठरावीक वेळेला घेतलेले अनेक नमुने लागतील.

वापरलेल्या नळ्यांतील द्रावण सिंकमध्ये ओतू नका. आर्सेनिकचा कचरा वेगळ्या, लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या डब्यात गोळा करा. त्यात जस्त किंवा दुसरा धातू पडू देऊ नका, आम्लात त्यातून आर्सिन वायू सुटतो. डबा तीन-चतुर्थांश भरला की धोकादायक कचऱ्याच्या परवानाधारक व्यवस्थेकडे द्या आणि दिलेल्या घनफळाची नोंद वहीत ठेवा.